रोममध्ये ‘तुम्ही’ नव्हतं

“ते विचारताहेत, पेशंट झोपला का. तुम्ही नुसतं ‘आय’ म्हणा.”

त्रेचाळीस वर्षं झाली, तरी हा आवाज सुप्रभाच्या कानातून गेला नव्हता. ग्लासगोतलं ऑपरेशन थिएटर, नोव्हेंबरातली सकाळ, आणि ती नुकतीच आलेली भुलीची डॉक्टर. बडे सर्जन तोंडात गरम बटाटा घोळवत बोलावं तसं काहीतरी बोलले. इंग्रजी म्हणावं तर तसं वाटेना, आणि दुसरं काही असणं शक्य नव्हतं. ती जागच्या जागी थिजली. तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून, हिरव्या मास्कच्या आडून, हे मराठी वाक्य आलं. मास्कच्या वर नुसते दोन डोळे. तिनं ‘आय’ म्हटलं, म्हणजे तिकडच्या बोलीतलं ‘हो’, आणि म्हणताना तिला हसू फुटलं, कारण तिच्या आजोळी, कराडच्या बाजूला, आईला आय म्हणतात. परक्या मुलखात कामाचा पहिला शब्द तोंडून निघाला तो हा.

मास्क उतरला, तेव्हा त्यामागून शशिधर निघाला. ज्युनिअर सर्जन, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, कानाच्या पाळ्या थंडीनं लाल झालेल्या. दुसऱ्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये सूप पिता पिता त्यानं सांगून टाकलं, की पुण्यात वरदा नावाची मुलगी आहे आणि साखरपुडा झालेला आहे. सुप्रभानं अभिनंदन केलं. सूप फार खारट होतं, एवढंच तिला त्या दुपारचं आठवतं.

मनात जे उगवलं होतं ते तिनं मनातच मुरवलं, झाकण न उघडता. त्र्याऐंशीच्या वसंतात वरदा आली, तेव्हा तिला विमानतळावर घ्यायला शशिधरबरोबर सुप्रभाच गेली होती. पुढं सुप्रभाचंही लग्न झालं. कमलाकर कॉलेजात गणित शिकवायचा. चांगला माणूस, कमी बोलणारा, चहा स्वतःचा स्वतः करणारा. त्यांना आश्लेषा झाली. शशिधर-वरदाला गंधार झाला. दोन्ही कुटुंबांनी ग्लासगोजवळ बेअर्सडेनमध्ये जवळजवळच्या रस्त्यांवर घरं घेतली. दिवाळ्या झाल्या, मंडळाचे गणपती झाले, मुलं घरटी सोडून उडाली. सहा वर्षांपूर्वी कमलाकर गेला. चार वर्षांपूर्वी वरदा. मग उरली दोन घरं, दोन माणसं, आणि दोन घरांच्या मध्ये, गवतात बसलेला, रोमन शिपायांचा दगडी हमामखाना.

या सगळ्या वर्षांत ती दोघं एकमेकांना तुम्ही म्हणत आली. मनातल्या मनात सुप्रभा त्याला काय म्हणायची, ते तिचं तिला ठाऊक.

त्या हमामखान्यानंच तिला कादंबरीला बसवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या थोडं अलीकडे, इथं, तिच्या भाजीच्या वाफ्यापासून हाकेच्या अंतरावर, इटलीच्या उन्हातून आलेली पोरं कुडकुडत अंघोळ करत होती. त्यांना घरची आठवण येत असेल, तर ती कुठल्या शब्दांत येत असेल? एवढ्याच प्रश्नावर तिनं पहिलं पान लिहिलं, आणि तीन वर्षांत चौदा प्रकरणं झाली. नाव ठेवलं ‘वाळूचं रिंगण’. आखाड्यात रक्त मुरायला वाळू पसरायचे, त्यावरून.

गोष्ट अशी. ब्रिगो हा याच टेकड्यांमधून रोमन फौजेनं धरून नेलेला माणूस, आता रोमच्या आखाड्यातला नावाजलेला लढवय्या. फाबिया ही एका सिनेटरची बायको. एकदा आखाड्याच्या मालकाकडे मेजवानी होती, तिथं त्यांची नजरभेट झाली, आणि पुढं चौदा प्रकरणं दोघं एकमेकांकडे येता येता थांबत राहिली. सिनेटरचा डाव वेगळाच. यंदाचे खेळ त्याचा प्रतिस्पर्धी भरवतोय. लोकांचा लाडका ब्रिगो त्याच्या खेळांत दगाफटक्यानं मेला, तर लोक खवळून त्या प्रतिस्पर्ध्याला जगू देणार नाहीत. म्हणून ब्रिगोच्या तलवारीचं पातं मुठीच्या आत कानशीनं झिजवून ठेवलंय. पहिल्या जोरदार घावाला ते तुटेल. फाबियानं हे पडद्याआडून ऐकलं. दासीचे कपडे घालून ती आखाड्याखालच्या बोळात पोचलीसुद्धा. समोर ब्रिगो उभा. वर लोकांचा गलका. आणि फाबिया बोलेना.

तीन आठवडे झाले, फाबिया त्या बोळात उभीच होती. तलवारीचं ती सांगेल, त्याची सुप्रभाला काळजी नव्हती. तलवारीचं सांगायला एवढ्या लांब, जिवावर उदार होऊन, ती का आली, हे तिच्या तोंडून निघत नव्हतं.

गुरुवारी अकराला शशिधर यायचा. बूट दाराशी, कोट खुंटीला, लाल पेन खिशातून बाहेर. सुप्रभा ओट्सच्या पिठाची थालीपीठं लावायची आणि तो खिडकीपाशी बसून शुद्धलेखन तपासायचा. निवृत्तीनंतर त्याचा हात कापायला लागला होता, पण ऱ्हस्व-दीर्घावर पेन ठेवलं की तो सर्जनचा व्हायचा.

त्या गुरुवारी त्याला एक ओवी सापडली. फाबियाच्या घरची म्हातारी दासी दळताना म्हणते ती.

दळण दळिते धीरानं,
पीठ पडे घेराघेरानं,
नाव बांधिलं पदरानं,
सुटेना गाठ.

“रोममध्ये जातं होतं?” शशिधरनं विचारलं.

“होतं तर. फौजेबरोबर जाती फिरायची. इथल्या रोमन भिंतीवरच्या किल्ल्यांत निघालीत.”

“आणि पदर?”

“पल्ला म्हणतात त्याला. डोक्यावरून घेतात, खांद्यावर टाकतात. पदर नाही म्हणायचं तर काय, उपरणं म्हणू?”

“म्हणजे ही सगळी मंडळी मूळची कराडची.”

“तुम्ही शुद्धलेखन बघा.”

तो हसला. मग त्यानं पेनाला टोपण लावलं, ते काढलं, परत लावलं. सुप्रभाला कळलं, की आता काहीतरी यायचंय.

“तारीख ठरली,” तो म्हणाला. “हा शनिवार नाही, पुढचा. गंधार गाडी घेऊन येतोय.”

घर विकायला काढलं होतं ते तिला माहीत होतं. उन्हाळ्यात बोर्ड लागला, पानं पिवळी झाली तेव्हा बोर्डावर ‘विकलं गेलं’ची पट्टी आली. तरी तारीख ही वेगळी गोष्ट.

“लंडनजवळ स्लाऊला खालच्या मजल्यावर खोली केलीय माझ्यासाठी,” तो सांगत होता. “गंधार म्हणतो, बाबा, तुमच्या गुडघ्यांना आता जिना नको. नातवंडंही म्हणतात, आबा इथं या. म्हणजे इंग्रजीत म्हणतात.”

“बरंच झालं की,” सुप्रभा म्हणाली. “अजून एक थालीपीठ घेता?”

“अर्धं.”

तिनं तव्यावरचं अख्खं थालीपीठ उलटलं. उलटायची वेळ झाली नव्हती, मधोमध फाटलं.

“पुढची पुस्तकं ई-मेलनं पाठवत जा,” तो म्हणाला. “तपासून पाठवत जाईन. पण याचं शेवटचं प्रकरण तेवढं गुरुवारपर्यंत होऊ द्या. फाबिया काय म्हणते, ते मला इथं बसून ऐकायचंय.”

“बघते.”

“जायला नऊ दिवस आहेत.”

“मला मोजता येतात, शशिधर.”

रविवारी एडिनबराहून आश्लेषा आली. ती तिथल्या शाळेत लॅटिन शिकवते. मराठी तिला बोलता येतं, वाचायला मात्र जीव जातो, म्हणून चौदावं प्रकरण सुप्रभानंच तिला वाचून दाखवलं. त्यात ब्रिगो पहिल्यांदा फाबियाशी चार वाक्यं नीट बोलतो. “बाईसाहेब, तुम्ही इथं येऊ नका. तुम्ही थकलात. तुमच्या पायाला वाळू लागलीय.”

आश्लेषा सोफ्यावर पाय दुमडून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “आई, मस्त आहे. पण एक मोठा चूक आहे.”

“मोठी.”

“मोठी चूक. ब्रिगो तिला तुम्ही का म्हणतो?”

“अगं, ती सिनेटरची बायको, तो गुलाम. एकदम अगं-तुगं करील का तो?”

“करणारच. लॅटिनमध्ये तुम्ही नसतोच.”

“नसतंच. म्हणजे काय, नसतंच?”

“दहा लोक असले तर आहे. एका माणसाला फक्त तू. मास्टरला तू, स्लेव्हला तू, एम्परर समोर बसला असला तरी तू.”

सुप्रभानं चष्मा काढला. “बादशहाला? तोंडावर?”

“तोंडावर. सीझर म्हणतील, डॉमिना म्हणजे बाईसाहेब म्हणतील, सगळी रिस्पेक्ट त्या नावात टाकतील. पण व्हर्ब तूचीच. आणि गंमत बघ, शब्द पण सेम आहे. तू. अगदी आपली तू.”

“आपलं तू. आश्लेषा, वर्गातल्या मुलांना जेंडरवरून ओरडतेस आणि घरी येऊन असं बोलतेस?”

“लॅटिनची जेंडर चुकली तर मार्क जातात, आई. मराठीत नुसता ओरडा मिळते.”

“मिळतो.”

“बघ, मिळाला.”

दोघी हसल्या. आश्लेषानं मान एका बाजूला कलती करून आईकडे पाहिलं. मग म्हणाली, “काका शनिवारी जाणार ना. तू ठीक आहेस?”

“मला काय धाड भरलीय?”

“काही नाही. मी फक्त विचारला.”

“विचारलं,” सुप्रभा म्हणाली, आणि या खेपेला आश्लेषा हसली नाही.

ती गेल्यावर सुप्रभा कप विसळता विसळता विचार करत राहिली. एवढं मोठं राज्य, एवढे रस्ते, एवढ्या भिंती, आणि एका माणसाला दुसऱ्यापासून हातभर लांब धरायला त्यांच्याकडे साधा एक शब्द नव्हता. आपल्याकडं देव तू, आई तू, तान्हं पोर तू. जात्यावर बसली की बाई देवालाही अरे-तुरे करते आणि तो निमूट ऐकून घेतो. फक्त मधली माणसं तुम्ही. ज्यांना जवळ घेता येत नाही आणि सोडवतही नाही, ती. तिनं फाबियाला चौदा प्रकरणं ‘तुम्ही’च्या उंबऱ्याशी उभं केलं होतं, की पंधराव्यात ब्रिगो तो ओलांडेल, तू म्हणेल, आणि मग हिचा कंठ फुटेल. आता कळलं, की रोममध्ये तो उंबराच नव्हता. फाबियाला कोणी अडवलेलं नव्हतं. ती आपली आपणच अडली होती.

ही गोष्ट सुप्रभाला बिलकूल आवडली नाही.

सोमवारी तिनं दुरुस्ती करायला घेतली. पण आधी पत्र. प्रत्येक प्रकरण पाठवताना ती शशिधरला चार ओळी लिहायची, आणि वेगळी फाइल करायचा कंटाळा म्हणून त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहायची. या वेळच्या चार ओळींना सकाळ गेली. शेवटी उतरलं ते असं:

‘प्रिय शशिधर, चौदावं दुरुस्त करून पाठवतेय. पंधरावं अजून होत नाही. तुम्ही शनिवारी निघता आहात. तुम्ही गेल्यावर गुरुवारी अकरा वाजता काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून सांगते, तुमच्यामुळं हे पुस्तक झालं. तिथं नीट राहा. गोळ्या चुकवू नका. सुप्रभा.’

मग तिनं कॉम्प्युटरला हुकूम सोडला. तुम्ही दिसेल तिथं तू कर. तुम्हाला दिसेल तिथं तुला. तुमच्या दिसेल तिथं तुझ्या. त्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं केलं आणि वर सांगितलं, इतक्या इतक्या जागी बदललंय. केवढं सोपं होतं. शशिधरला छापून तपासायला वेळ मिळावा म्हणून तिनं फाइल लगेच धाडून दिली आणि बागेत जाऊन पानं गोळा केली.

मंगळवारी सकाळी पंधराव्याला बसायचं म्हणून तिनं चौदावं उघडलं. ब्रिगो म्हणत होता, “बाईसाहेब, तू इथं येऊ नका. तू थकलात.”

ती मोठ्यानं हसली. अरे देवा, क्रियापदं. कॉम्प्युटरनं माणूस बदलला आणि क्रियापदं जुन्याच्याच गळ्यात ठेवली. असा मराठी घोळ रोमच्या इतिहासात कुठल्या गुलामानं घातला नसेल. हसत हसत तिनं पान वर सरकवलं, आणखी वर, आणि पहिल्या पानाशी तिचं हसू आटलं.

‘तू शनिवारी निघता आहात. तू गेल्यावर गुरुवारी अकरा वाजता...’

तिनं फोन उचलला. पलीकडून त्याचाच आवाज आला, इंग्रजीत, की आत्ता फोन घेता येत नाही, निरोप ठेवावा. तिनं ठेवला नाही. दुपारी त्याचा मेसेज आला: ‘फाइल मिळाली. प्रिंट काढली. गुरुवारी येतो.’ शेवटी पूर्णविराम. तो मेसेजमध्येसुद्धा पूर्णविराम देत असे, त्यामुळं त्यावरून काही काढता येईना.

ती लिहायला लागली, ‘त्या पत्रात चुकून’, आणि तिथंच थांबली. चुकून काय? कॉम्प्युटरनं केलं, मी केलं नाही, एवढं सांगून सुटता आलं असतं. शशिधर ‘समजलं’ म्हणाला असता, पूर्णविरामासकट. शनिवारी गाडीत बसला असता. आणि तिच्याकडं दर गुरुवारी अकरा वाजता ते ‘समजलं’ उरलं असतं. तिनं लिहिलेलं पुसलं.

बुधवारी ती हमामखान्याच्या दगडांपाशी जाऊन बसली. थंडी नाकाला झोंबत होती. एक बाई कुत्रं घेऊन गेली, ‘छान दिवस आहे’ म्हणाली. तसा तो नव्हता. सुप्रभा दगडांकडं बघत राहिली. बाराव्या प्रकरणात तिनं लिहिलं होतं, की फाबियाला ब्रिगो दिसला नाही तो दिवस मोठा व्हायचा आणि दिसला तो त्याहून मोठा. लिहिताना तिला वाटलं होतं, काय बाई सुचतंय आपल्याला. आता वाटलं, सुचलं कुठं होतं.

परवा शनिवार म्हणता म्हणता गुरुवार उजाडला.

अकराला पाच कमी असताना शशिधर आला. बूट दाराशी. कोट खुंटीला. आज हातात फाइल होती.

“घरात एक खुर्ची राहिलीय आणि एक किटली,” तो म्हणाला. “व्हॅनवाले उद्या त्याही नेतील. काल जिन्याच्या पायरीवर बसून तुमचं प्रकरण वाचलं. ब्रिगोनं, ‘तू इथं येऊ नका’ म्हटल्यावर इतका हसलो, की ते दोघं खोकी टाकून धावत आले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं.”

“आश्लेषा म्हणाली, लॅटिनमध्ये तुम्ही नसतं. गुलामालाही तू, बादशहालाही तू.”

“हो? मग आपण दोघं रोममध्ये असतो तर?”

“तर काय?”

“काही नाही. शाई वाचली असती.”

तो खिडकीपाशी बसला. तिनं तवा ठेवला. थालीपीठ लावताना तिची बोटं पिठात नीट उमटत नव्हती. मागं पानं उलटल्याचा आवाज येत होता.

“क्रियापदं सगळी सरळ केली,” तो म्हणाला. “येऊ नका होतं तिथं येऊ नकोस. थकलात, थकलीस. पाहिलंत, पाहिलंस. बरं वाटतं हो वाचायला. माणसं एकदम जवळ उभी राहिल्यासारखी वाटतात. दोन ठिकाणी फाबिया आणि दासी दोघींना मिळूनचं ‘तुम्ही’सुद्धा तू झालंय, तेवढं बघा.”

“बघते.”

“आणि हे.”

तिनं गॅस बारीक केला आणि वळली. फाइलचं पहिलं पान त्यानं वेगळं काढून टेबलावर पालथं ठेवलं होतं, हाताखाली.

“ते चुकून झालं,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“कॉम्प्युटरला सांगितलं, तर त्यानं पहिल्या पानापासून...”

“सुप्रभा, माहीत आहे मला. पण मी शुद्धलेखन तपासायला बसलो की मला चुकलेलं सोडवत नाही.” त्यानं हात उचलला. “बघा.”

तिनं पान उलटं केलं. पत्रावर लाल शाई होती. सोपी दुरुस्ती कुठली, ते तिला दिसत होतं: तू खोडायचं, तुम्ही करायचं, बाकी सगळं जागच्या जागी बरोबर होतं. शशिधरनं ती केली नव्हती. एकाही ‘तू’वर लाल ठिपकासुद्धा नव्हता. ‘निघता आहात’ खोडून त्यानं बारीक, थरथरत्या अक्षरात वर लिहिलं होतं, ‘निघतोयस’. ‘विचारलं नाहीत’मधला शेवटचा त काढून स केला होता. ‘गोळ्या चुकवू नका’चं ‘चुकवू नकोस’. आणि खाली, कधी करत नसे ते केलं होतं, दुरुस्तीखाली सही.

“एका शब्दापाशी मात्र अडलो,” तो म्हणाला. त्याचं बोट ‘नीट राहा’वर होतं. “राहा. तुम्हीलाही राहा आणि तूलाही राहा. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो त्या पायरीवर. काही दुरुस्त करण्यासारखं सापडेना.”

तव्यावरून करपल्याचा वास आला. दोघंही उठली नाहीत; मग तीच उठली, गॅस बंद केला आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

“फाबियाचं झालं का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“का अडलंय?”

“मला वाटत होतं, तिला तो तू म्हणेल तेव्हा ती बोलेल. पण तो तर पहिल्या दिवसापासून तूच म्हणत असणार. मग ती गप्प का, ते मला फाबियाच्या नावानं लिहवेना.”

“मग कुणाच्या नावानं?”

ती खिडकीबाहेर बघू लागली. हमामखान्याच्या भिंतीवर एक कावळा पाय बदलत होता. मग तिनं नजर आत आणली.

“त्र्याऐंशी साली मला लीड्सला जागा मिळाली होती,” ती म्हणाली.

“लीड्सला? कधी?”

“वरदा यायच्या दोन महिने आधी. चांगली जागा. इथं जी मिळायला मला पुढं आठ वर्षं लागली, ती. पत्र आलं होतं. मी बॅग पलंगाखालून काढून पुसूनही ठेवली होती. दोन महिन्यांत इथून गेलेलं बरं, असं वाटत होतं.”

“मला तुम्ही कधी...”

“कुणालाच बोलले नाही. मग त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये भेटलात तुम्ही...” ती थांबली. पदराला हात जावा तसा तिचा हात स्वेटरच्या काठाशी गेला आणि परत आला. “भेटलास तू. म्हणालास, वरदाला इथं कुणी नाही, तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही.”

“म्हणालो असेन.”

“म्हणालास. तिसऱ्या मजल्यावर. मी लीड्सला नकार कळवला. सगळे म्हणाले, बाई भित्री, मोठ्या जागेला बिचकली. कमलाकरनं एकदा विचारलं, त्यालाही मी तेच सांगितलं.”

शशिधरनं लाल पेनाचं टोपण लावलं आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं.

“वरदासाठी राहिलीस?” त्यानं विचारलं.

“वरदा माझी मैत्रीण झाली, ती नंतर,” सुप्रभा म्हणाली. “मी राहिले ती, तू रोज दिसशील म्हणून.”